सटवाईचा लेख आणि शिरगणतीचा लेख

घुग्घुसला दिवाळीची रांगोळी फार वेळ पांढरी राहत नाही. पहाटे अंगण सारवून, ठिपके जुळवून मोठ्या हौसेने ती घालावी आणि उन्हे वर येईतो तिच्यावर काळसर साय धरलेली पाहावी, हा इकडच्या बायामाणसांचा वर्षानुवर्षांचा अनुभव. कोळशाच्या खाणी, सिमेंटचा कारखाना, लोखंडाच्या भट्ट्या आणि दिवसरात्र धावणारे ट्रक यांच्या सहवासात राहणाऱ्यांनी पांढऱ्या रंगाचा फार हट्ट धरू नये, असे आम्ही हसत हसत म्हणतो. हसण्यावारी नेलेल्या गोष्टीही कधीतरी हिशेब मागायला उभ्या राहतात. या लेखाचा विषय असाच एक हिशेब आहे.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, २०२१ च्या ऑक्टोबरात, महाविद्यालये पुन्हा उघडली. दिवाळीच्या सुटीला जेमतेम पंधरवडा उरला होता. मुलांचा हात लिहिता व्हावा म्हणून मी निबंध घातला, 'महामारीने आम्हांस काय शिकविले'. विषय सांगून मी फळ्याकडे वळलो, तोच मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले,

"सर, साथ गरीब-श्रीमंत पाहत नाही, ती सर्वांना सारखीच असते, असं लिहिलं तर मार्क मिळतील ना?"

"मिळतील की," मी म्हणालो.

"पण ते खरं आहे का, सर?"

वर्ग गप्प झाला. त्या मुलीचे वडील एप्रिल महिन्यात गेले होते, हे मला ठाऊक होते. वय शेहेचाळीस. कोळशाच्या ट्रकवर रोजंदारीचे चालक. मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिले आणि तास संपवला. मराठीचा मास्तर मी. वैद्य नव्हे की आकडेशास्त्री नव्हे. पण प्रश्न मराठीच्या तासाला विचारला गेला होता, आणि वाक्य खरे की खोटे हे न पाहता त्याला मार्क देणारा मास्तर कसला? तेव्हापासून जमेल तसे वाचत गेलो. आज वाचकांपुढे मांडतो आहे ते त्या मुलीला चार वर्षांपूर्वी द्यायला हवे होते असे उत्तर आहे.

प्लेग कोणाच्या दारी आला?

आपल्याकडे मूल जन्मले की पाचवी पुजतात. त्या रात्री पाटाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचे आयुष्य लिहून जाते. साथीत माणूस गेला की आपण म्हणतो, "सटवाईनेच तसे लिहिले होते." एकेका माणसापुरते हे बोलणे समाधानाचे आहे. परंतु हजारो माणसांचे मरण एकत्र मांडून पाहिले, की सटवाईच्या अक्षरात एक विलक्षण शिस्त दिसू लागते. ती कपाळ पाहून लिहीत नाही. घर पाहून, वय पाहून, रोजगार पाहून लिहिते.

१८९६ सालच्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेला धान्याच्या वखारींचा मुलूख. जेथे धान्य तेथे उंदीर, जेथे उंदीर तेथे पिसवा, आणि जेथे हे सर्व तेथेच एकेका अंधाऱ्या खोलीत आठ-आठ, दहा-दहा माणसे दाटीवाटीने राहणारी. उंच माडीत हवेशीर बंगल्यात राहणाऱ्याच्या वाट्याला उंदराची अशी सोबत येत नव्हती. शहरातून लोकांचे लोंढे गावाकडे निघाले आणि गिरण्यांना हात मिळेनासे झाले.

सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा केला. अवघ्या काही कलमांचा हा कायदा १२३ वर्षांनी, २०२० च्या मार्चात, महाराष्ट्र सरकारने पुन्हा हाती घेतला, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. त्याच १८९७ साली पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरले. घरांच्या झडत्या, माणसांची फरफट, बायकांची विटंबना यांनी पुणे असे पेटले, की लोक आजारापेक्षा औषधाला भिऊ लागले. रोगी माळ्यावर लपवावेत, प्रेते परसात पुरावीत, असा प्रकार सुरू झाला. २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली, ती कथा आपण शाळेत वाचतो. तिच्यातला एक धडा मात्र आपण वाचीत नाही. सरकारवरचा विश्वास उडाला, की साथ आटोक्यात येत नाही. ती केवळ दृष्टीआड होते.

त्याच पुण्याच्या परिसरात त्याच वर्षी दुसरेही एक काम चालू होते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालविला होता. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतल्या एका आजारी मुलाला पाठीवर घालून सावित्रीबाईंनी तेथे आणले. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सोल्जरला पाहून लपणारी माणसे सावित्रीबाईंच्या पाठीवर आपण होऊन येत होती. याहून अधिक सांगायला नको.

मानमोडीचे साल

माझी आजी तिच्या सासूकडून ऐकलेली एक गोष्ट सांगे. मानमोडीच्या साली घरातली सगळी माणसे तापाने आडवी झाली. एकटी थोरली सून तेवढी उभी होती. ती सर्वांना पाणी देई, कण्हेरी करून पाजी, रात्री विस्तव जागता ठेवी. आठ दिवसांनी म्हातारा-म्हातारी उठून बसली, पोरे उठली, आणि सून पडली ती पडलीच. तिला पाणी द्यायला कोणाच्या अंगात त्राण नव्हते. आजी शेवटी म्हणे, "पाणी देणारीच गेली."

लहानपणी मला ही एका घराची गोष्ट वाटे. पुढे वाचले तेव्हा कळले, की ती साऱ्या मुलखाची गोष्ट होती.

जुनी माणसे जिला मानमोडी म्हणत ती १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले काही पोलीस शिपाई तापाने फणफणले. ती पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली, ती काळाचेच रूप घेऊन. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी एकट्या मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. रेल्वेच्या रुळांवरून रोग देशभर पसरला. हिंदुस्थानात किती माणसे गेली याचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत आहेत. जगातल्या कोणत्याही देशात इतकी माणसे गेली नाहीत. १९११ ची शिरगणती आणि १९२१ ची शिरगणती शेजारी ठेवून पाहावी. आजच्या भारताच्या हद्दीतली लोकसंख्या २५ कोटी २१ लाखांवरून २५ कोटी १३ लाखांवर आली. दहा वर्षांत देश वाढायच्या ऐवजी घटला, असे शिरगणतीच्या इतिहासात एकदाच घडले.

पण ही माणसे सारख्या मापाने गेली नाहीत. बंगाल आणि मद्रास त्या मानाने हलके सुटले. मुंबई इलाखा, पंजाब आणि आपला मध्यप्रांत-वऱ्हाड यांची होळी झाली. कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही. त्या साली पावसाने दगा दिला होता. पीक बुडाले, चारा संपला, महायुद्धामुळे धान्याचे आणि कापडाचे भाव आकाशाला भिडले. कित्येक डॉक्टर रणभूमीवर पाठविलेले होते. अर्धपोटी माणसाच्या छातीत एकदा कफ भरला, की त्याला झुंजायला अंगात उरतेच काय?

मुंबईच्या आकड्यांकडे पाहावे. इन्फ्लुएंझाने दर हजारी किती माणसे गेली? युरोपियनांत आठ, पारशांत नऊ, मुसलमानांत आणि इतर हिंदूंत एकोणिसाच्या आसपास. आणि त्या काळच्या अहवालाने ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटले, त्यांच्यात एकसष्टांहून अधिक. शहर एक, हवा एक, रोग एक, महिनेही तेच. साहेबाच्या बंगल्यापासून झाडूवाल्याच्या खोलीपर्यंतच्या एवढ्याशा वाटेवर मरण सातपटींहून अधिक वाढले. रोगाला जात कळत नाही हे खरेच. त्याला गर्दी कळते, भूक कळते, कोंदट खोली कळते. आणि आपल्या समाजाने ही तिन्ही जातीच्या हिशेबाने वाटून ठेवली होती.

दुसरी गोष्ट स्त्रियांची. ही साथ मुख्यतः वीस ते चाळीस या वयाच्या धडधाकट माणसांना नेत होती. हिंदुस्थानात तिने पुरुषांहून स्त्रियाच अधिक नेल्या. शेवटी जेवणारी, उरलेसुरले खाणारी, चुलीच्या धुरात बसणारी, आणि घरातल्या प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी जागणारी कोण, हे मराठी वाचकाला सांगायला नको. आजीची ती थोरली चुलतसासू त्या आकड्यांतली एक होती.

आणि हे आकडेही पुरे नव्हेत. आपल्याकडे गावचा जन्ममृत्यू कोतवालाने वहीत लिहून ठाण्यावर कळवायचा, अशी रीत होती. कोतवालच अंथरुणाला खिळला, किंवा गेला, तर वही कोण भरणार? चांद्याच्या जंगलातल्या किती गोंड-माडिया पाड्यांवर त्या साली चूल विझली, हे झाडांना ठाऊक.

तरुण देश, म्हातारे देश

आता कोरोनाकडे वळू. त्याची चाल मानमोडीच्या उलट होती. तो तरुणांना बहुधा सोडी आणि म्हाताऱ्यांना गाठी. लस येण्यापूर्वीच्या काळात संपन्न देशांतल्या अभ्यासकांनी काढलेला हिशेब असा, की पंचविशीतल्या दहा हजार बाधितांत एखादा दगावे, पंचावन्नच्या घरातल्या हजारांत चार, पंचाहत्तरीच्या शंभरांत चार-पाच, आणि पंचाऐंशीच्या शंभरांत पंधरा. म्हणजे देशात म्हातारी माणसे किती, यावर पुष्कळसे अवलंबून. जपान आणि इटली या देशांत निम्मी माणसे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांच्या वरची. आपल्याकडे निम्मी अठ्ठाविसाच्या आतबाहेर. २०११ च्या शिरगणतीत साठी ओलांडलेले लोक भारतात शंभरात साडेआठ, महाराष्ट्रात दहा, केरळात साडेबारा होते.

नुसत्या वयाने सारे ठरत असते, तर जपानात हाहाकार उडायला हवा होता आणि दक्षिण अमेरिकेतल्या पेरूसारख्या तरुण देशाला नखही लागायला नको होते. घडले नेमके उलट. पेरूत लाखामागे सहाशेहून अधिक माणसे गेली, मोठ्या देशांत सर्वांत जास्त. जपानात त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. असे का? पेरूच्या सरकारने टाळेबंदी लवकर आणि कडक केली होती. पण तिथले बहुसंख्य लोक रोज कमावून रोज खाणारे. निम्म्याच्या आसपास घरांत अन्न टिकवायचे कपाट नाही, तेव्हा बाजारात रोज जाणे भाग. घरे दाटीची, दवाखान्यांत खाटा थोड्या, प्राणवायूची नळकांडी मिळेनात. हे वाचताना मला वारंवार वाटे, की हा लेखक पेरूचे नाव घेऊन आमच्याच वस्तीचे वर्णन करतो आहे.

पुढे असेही आढळले, की एकाच वयाच्या दोन बाधितांत गरीब देशातल्याला मरणाचा धोका श्रीमंत देशातल्याच्या जवळपास दुप्पट होता. तारुण्याने जे दिले, ते दारिद्र्याने अर्धेअधिक काढून घेतले.

आणखी एक गंमत, तिला गंमत म्हणायचे तर. २०१९ साली जगातल्या तज्ज्ञांनी कोणता देश साथीला तोंड द्यायला किती सज्ज आहे, याची यादी केली. पहिला नंबर अमेरिकेचा, दुसरा इंग्लंडचा. पुढच्या दोन वर्षांत या दोन्ही देशांची जी दैना झाली ती जगाने पाहिली. मग १७७ देशांचे आकडे तपासून २०२२ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सज्जतेच्या त्या गुणांचा निकालाशी मेळ बसेना. मेळ बसला तो विश्वासाशी. जिथे लोकांचा सरकारवर आणि एकमेकांवर विश्वास, तिथे लागण कमी. पुण्याच्या १८९७ ची गोष्ट आठवते ना?

आमचा जिल्हा

२०११ च्या शिरगणतीप्रमाणे गडचिरोलीत चौरस किलोमीटरला माणसे ७४, चंद्रपुरात १९३. मुंबईच्या उपनगरांत हाच आकडा वीस हजारांवर. म्हणून जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्त तपासले, तेव्हा झोपडपट्टीतल्या शंभरांपैकी ५७ जणांना रोग होऊन गेल्याचे दिसले, आणि इमारतीत राहणाऱ्या शंभरांपैकी केवळ १६ जणांना. नळ सामाईक, शौचकूप सामाईक. मग रोगही सामाईकच व्हायचा. आमचे जंगल त्या वेळी निश्चिंत होते. महाराष्ट्र होरपळत असताना २०२० च्या मे महिन्याच्या मध्यापर्यंत गडचिरोलीत एकही रुग्ण नव्हता.

पण रोग नव्हता तेव्हाही साथ होतीच. फाल्गुन-चैत्रात चंद्रपूर-गडचिरोलीची हजारो माणसे तेलंगणात मिरची तोडायला जातात. धान निघाले, मोहफुलांना वेळ आहे, तेव्हाचा हा रोजगार. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी पुकारली गेली तेव्हा ही माणसे परक्या मुलखात, परक्या भाषेत, मिरचीच्या वावरात अडकली. कित्येक जण लेकरे खांद्यावर घेऊन जंगलाच्या वाटेने चालत आले. तिकडे मराठवाड्यात जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले मध्यप्रदेशचे मजूर करमाडजवळ थकून रुळांवर निजले आणि ८ मेच्या पहाटे मालगाडीखाली १६ जण गेले. त्यांना कोरोना झाला नव्हता. साथीच्या आकड्यांत त्यांची नोंद कुठे करायची?

खरा घाला आला तो २०२१ च्या एप्रिलात. तोवर जिल्ह्याच्या विरळ वस्तीचा गुण संपला होता आणि दोष पुढे आला होता. वस्ती विरळ म्हणजे दवाखानाही विरळ. घुग्घुसकरांना आणखी एक वाटा जन्मजात मिळालेला. २००९ साली केंद्रीय प्रदूषण मंडळाने देशातल्या औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तीत चंद्रपूर चौथे होते. दूषित हवेत वर्षानुवर्षे राहिलेल्यांत कोरोनाचे मरण अधिक आढळले, असे अमेरिकेतल्या तीन हजारांवर परगण्यांच्या पाहणीत दिसून आले आहे. आमच्या रांगोळीवरची ती काळी साय काय फक्त रांगोळीवरच बसते?

त्या मुलीच्या वडिलांची हकिगत मला तिनेच पुढे सांगितली. ताप आला तरी ते चार दिवस गाडीवर गेले. तपासणी करून घेतली नाही. कारण साधे होते. कागदावर रोग निघाला तर चौदा दिवस घरी, आणि चौदा दिवस घरी म्हणजे चौदा दिवस रोजी नाही. कायम नोकरी असलेल्या शेजाऱ्याने पहिल्या दिवशी तपासून घेतले, कारण त्याची रजा भरपगारी होती आणि कंपनीचा दवाखाना होता. तो वाचला. हे सहाव्या दिवशी धापा टाकू लागले, तेव्हा चंद्रपुरात खाट मिळता मिळता रात्र गेली. वय त्यांच्या बाजूने होते. दुसरे काहीच नव्हते. दोघांच्या घरांत भिंत एकच होती.

लिहिलेले पुसता येते

असे असले तरी हा लेख सुतकी सुरात संपवावा, असे मला वाटत नाही. कारण सटवाईचा लेख पुसता येत नाही, शिरगणतीचा येतो. त्याचा पुरावा आमच्याच जंगलात आहे. १९८६ साली डॉक्टर अभय आणि राणी बंग गडचिरोलीत आले. १९८८ मध्ये त्यांनी मोजले तेव्हा त्या गावांत हजार बाळांपैकी १२१ वर्षाच्या आत जात होती. त्यांनी गावातल्याच, थोड्या शिकलेल्या बायांना हाताशी धरले, त्यांना बाळाचा श्वास मोजायला, न्यूमोनिया ओळखायला, औषध द्यायला शिकविले. पंधरा वर्षांत १२१ चे तीसच्या घरात आले. जंगल तेच, दारिद्र्य पुष्कळसे तेच, पाचवीला ठेवलेला कागदही तोच. बदलले एवढेच, की मरण मोजले गेले, आणि दाराशी येणारी बाई ओळखीची, विश्वासाची होती. कोरोनातही आमच्या वस्तीत दारोदार फिरली ती आशाताईच.

मोजणे हीच पहिली पायरी, आणि तिथेच आपण अडखळतो. २०२० व २०२१ मध्ये भारतात साथीमुळे ४७ लाख जास्तीचे मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज. सरकारी आकडा पाच लाखांच्या आत, आणि सरकारला तो अंदाज मान्य नाही. वाद कोणाचा खरा, हे मी ठरवू शकत नाही. पण आपल्या देशात नोंदलेल्या पाच मृत्यूंपैकी चारांच्या आसपास मृत्यूंचे कारण डॉक्टरने लिहिलेलेच नसते, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. पेरूने २०२१ च्या मेअखेर आपली वही पुन्हा तपासली आणि ६९ हजारांचा आकडा एका दिवसात एक लाख ऐंशी हजारांवर नेला. लाज वाटली असेल. पण देशाने खरे लिहिले. आपली २०२१ ची शिरगणती तर साथीमुळेच राहिली. ती आता २०२७ ची म्हणून ठरली आहे. कोतवाल पुन्हा एकदा आजारी पडला होता, एवढेच म्हणायचे.

त्या वर्षीच्या निबंधांच्या वह्या मी तपासल्या, तेव्हा बहुतेकांनी लिहिले होते, 'साथ सर्वांना समान लेखते.' मी सर्वांना मार्क दिले. त्या मुलीची वही कोरी होती. वर फक्त विषय आणि खाली समास आखलेला. मी तिला तेव्हा शून्य दिले नाही, की काही दिलेही नाही. आज ती वही माझ्यापुढे असती, तर त्या कोऱ्या पानाला मी पैकीच्या पैकी मार्क दिले असते, आणि खाली लाल शाईने लिहिले असते: 'नाही, मुली, ते खरे नाही. तुझी शंका बरोबर होती.'